फुकटची कॅसेट

लग्न होऊन मी वसमतला आले तेव्हा नवऱ्याचं बसस्टँडजवळ कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक कोरी कॅसेट आणत, आवडीची गाणी सांगत आणि हा ती भरून देई. दुपारी दुकान रिकामंच असे. एकदा गंमत म्हणून मी शेजारच्या आजीपुढं माईक धरला. हळद शिजवताना कढईवरून जावेशी झालेलं भांडण तिनं असं रंगवून सांगितलं, की नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. हे विकूया, तो म्हणाला.

मग दर आठवड्याला एक कॅसेट निघू लागली. एका बाजूला बायकांच्या गप्पा, दुसऱ्या बाजूला मी सांगितलेल्या गोष्टी. पहिल्या आठवड्यात थोड्याफार खपल्या, दुसऱ्या आठवड्यात त्याहून कमी. पण भाजी घ्यायला गेले की बायका मला थांबवून जावेच्या भांडणाचं पुढं काय झालं ते विचारत. एकीनं घेतलेली कॅसेट गल्लीभर फिरायची, पोरगी माहेरपणाला आली की तिच्या पिशवीतून दुसऱ्या गावाला जायची. नवरा वैतागला. मी आजीलाच गाठलं आणि लोक आवडीनं ऐकतात, मग विकत का घेत नाहीत म्हणून विचारलं.

"ओट्यावर बसून मी हेच सांगते, तवा कोण पैसे देतं? मंग टेपमधून ऐकायला काहून देतील?" आजी शेंगा फोडत म्हणाली.

मी हिरमुसून घरी आले. कॅसेटचा नाद सोडावा असंही आमचं बोलणं झालं.

तेवढ्यात बाजारातले भांडीवाले काका दुकानात आले. त्यांच्या घरातल्या बायका आमच्या गप्पा ऐकत होत्या, आणि त्यांचं डोकं वेगळीकडंच चाललं होतं. कोऱ्या कॅसेटचा खर्च ते करणार, वर आम्हाला भरायची मजुरी देणार, आम्ही गप्पांच्या मध्ये त्यांच्या दुकानाचं नाव घ्यायचं आणि कॅसेट फुकट वाटायची. जितक्या जास्त घरांत जाईल तितकं बरं, असं त्यांचं म्हणणं. जे फिरणं आम्हाला नुकसान वाटत होतं, तेच त्यांना हवं होतं. नवऱ्यानं दोनदा विचारून खात्री केली.

लग्नसराईत कॅसेटी चहाच्या हॉटेलांत, पिठाच्या गिरणीत, शिवणाच्या क्लासमध्ये वाजू लागल्या. मग काकांनी नवी मागणी केली. आपल्या दुकानातल्या कुकरची कधीच तक्रार येत नाही, असं मी माझ्या अनुभवातून सांगावं. अडचण अशी, की त्यांच्याकडूनच घेतलेल्या माझ्या कुकरची शिट्टीच होत नव्हती, आणि त्यांनी तो कुरकुर न करता बदलून दिला होता. मी माईकसमोर बसले आणि जे झालं ते सांगून टाकलं. कुकर बिघडलेला निघाला, डाळ कच्ची राहिली, सासूबाई रुसल्या, काकांनी कुकर बदलून दिला.

कॅसेट ऐकून काका तावातावानं आले. आपल्याच पैशांनी आपली बदनामी करून घेतली म्हणाले. नवऱ्यानं त्यांना चहा पाजला. पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर आले ते हसत. गावोगावच्या बायका दुकानात येऊन "बदलून देनारं दुकान हेच का?" असं विचारून कुकर नेत होत्या.

"आता परातीचं सांगा," काका म्हणाले. "पण बेतानं."

सीडी आल्या, मग मोबाइल आले, आणि नवऱ्यानं त्याच दुकानात मोबाइल दुरुस्ती सुरू केली. काही वर्षांनी मुलगी पुण्याला कॉलेजात गेली. तिथं ती कॉम्प्युटरवर लोकांच्या तासतासाच्या गप्पा ऐकायची. त्याला पॉडकास्ट म्हणतात, असं तिनंच मला सांगितलं. सगळं फुकट कसं परवडतं याचं तिला कोडं पडलं होतं. मध्ये कुणाची जाहिरात येते का बघ, मी म्हटलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि हसायला लागली.

त्याच सुमारास आम्ही नरसीला दर्शनाला गेलो होतो. रांगेत मी नवऱ्याशी बोलत होते, तर पुढची बाई गर्रकन वळली.

"तुमी कॅसेटवाल्या बाई ना? आवाजावरून वळखलं."

तिला कधीतरी वसमतला येऊन माझ्यापुढं बोलायचं होतं, पण लेकरांच्या रगाड्यात जमलं नव्हतं. तिची गोष्ट दिराच्या लग्नात वऱ्हाड चुकीच्या गावात जेवून आलं त्याची होती. मी म्हटलं, सांगा की. रांग पुढं सरकत राहिली, ती सांगत राहिली, आणि आमच्या मागचे लोकही कान देऊन ऐकू लागले.