सगळ्यात पुढं असंन ते आपली

माझी मुलगी सायकलवर बसली की मला ओळखू येत नाही.

इतर वेळी येते. ताटावर, आरशासमोर, मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली, कुठूनही ओळखतो. पण डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा गॉगल, अंगात संत्र्याच्या रंगाची जर्सी आणि पाठीची कमान करून ती शर्यतीत निघाली, की तिच्यात आणि टीममधल्या बाकीच्या पोरींत मला काडीचा फरक दिसत नाही. मी अमरावतीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. म्हणजे नीट बघणं हा माझा धंदा आहे! (वर्गात रोज ओरडतो, "आधी वस्तू बघा, मग काढा!")

शर्वरी, म्हणजे आमची शरू, ज्युनियर मुलींच्या रोड सायकलिंग टीममध्ये आहे. आमच्याकडे हा शर्यतींचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आत आटोपतो. त्यानंतरचं आमचं ऊन सायकलचं टायर आणि माणूस यांच्यात भेदभाव करत नाही. या सीझनच्या शेवटी आमच्या विभागातून राज्याच्या शिबिरासाठी एकच मुलगी निवडणार होते. शरूला ती जागा हवी होती. किती हवी होती, तर दिवाळीत तिने चकलीकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या खानदानात असला त्याग यापूर्वी कोणी केल्याची नोंद नाही.

आणि तिला मदत करायची म्हणून मी कंबर कसली. इथूनच तिचं वाईट सुरू झालं.

पहिली शर्यत बडनेऱ्याच्या बायपासला होती. मी रस्त्याच्या कडेला थाळी आणि पळी घेऊन उभा राहिलो. संत्र्याच्या रंगाची जर्सी दिसली की थाळी बडवायची आणि ओरडायचं, "चाल शरू! दाब पोरी, दाब!" प्रत्येक फेरीला घसा फाटेस्तोवर ओरडलो. शर्यत संपल्यावर त्याच पोरीने हेल्मेट काढलं आणि माझ्या पाया पडली.

"काका, आजलोक मले कोनंच एवढं चिअर नाही केलं!"

ती शरू नव्हती. शरू माझ्या मागे उभी होती.

"बाबा," ती थंडपणे म्हणाली, "मी केव्हाची आली. तिसरा नंबर बी आला."

"अवं, मंग सांगाचं नाही का?"

"तुमी थाळी वाजवून राहिले होते नं. आयकाले येते का काही?"

दुसरी शर्यत चिखलदऱ्याच्या घाटातली. या वेळी चूक करायची नाही, असं मी ठरवलं. घाटात सायकली हळू चालतात, माणूस चालत चालत चेहरा बघू शकतो. वरच्या एका वळणावर मी धुक्यात उभा राहिलो, एकेक पोरगी निरखली आणि शरूला बरोब्बर ओळखलं! पोर घामाने निथळत होती. श्वास असा चालला होता की मलाच धाप लागली. आता तुम्हीच सांगा, आपलं लेकरू चढावर सायकल रेटतंय आणि बाप मोकळ्या हातांनी बघत उभा राहतो का? आमच्याकडे चढावर अडकलेली बैलगाडी दिसली तरी माणूस खांदा लावतो! मी धावत गेलो आणि सीटखाली हात घालून शरूला चांगला जोरदार धक्का दिला.

"बाबा, सोडा! सोडा मले! नियमात नाही हे!"

"नियम गेला तेल लावत! तू पायडल मार!"

मागून पंचांची गाडी येत होती, हे मला धुक्यात दिसलं नाही. त्यांना मात्र मी स्वच्छ दिसलो. शरू दुसरी आली होती, तिचे गुण कापून तिला सहाव्या नंबरवर टाकलं. त्यामुळे सीझनभर पुढे असलेली शरू आणि अकोल्याची साक्षी नावाची एक मुलगी, दोघी गुणांत सारख्यावर आल्या. आता शेवटच्या शर्यतीत दोघींपैकी जी पुढे, ती शिबिराला जाणार.

शेवटची शर्यत बडनेऱ्याहून निघून मूर्तिजापूरवरून अकोल्याच्या वेशीपर्यंत होती. हायवेवरचे ट्रक कोण थांबवणार, म्हणून आतल्या रस्त्याने नेली होती. टीमचे कोच इंगळेसर हे हडकुळे, अबोल गृहस्थ. स्वतः रोज पहाटे पोरींबरोबर सायकल मारतात. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, तुमी आता काहीच करू नका."

"असं कसं? बाप आहे मी!"

"म्हनूनच म्हनतो." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "बरं, एक काम करा. मधात एका जागी पानी द्या लागते. बाटली हातात धरून रस्त्याच्या कडंनं उभं राहाचं. पोरी चालत्या सायकलवरून घेतीन. बस. धराचं अन् सोडाचं."

एवढं साधं काम! पण मला तर गाडीतून शर्यतीच्या मागे यायचं होतं. तेव्हा डोक्यात आलं, रस्ता माझ्या सासुरवाडीवरूनच जातो. मूर्तिजापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच माझा साळा देविदास याचं घर आहे. मी त्याला फोन लावला.

"देविदास, तुई भाची गावावरून जाऊन राहिली बे रविवारी. शर्यत आहे. फक्त पानी द्याचं."

पलीकडून देविदासचा दुखावलेला आवाज आला. "काहून भाऊजी, आमाले काही कमी आहे का?"

"तसं नाही रे..."

"भाची दारावरून जाईन अन् आमी नुसतं पानी पाजून वाटंले लावू? लोक काय म्हनतीन? माह्या बहिनीले काय तोंड दाखवू मी?"

"अरे, ते थांबत नाहीत. चालत्या सायकलवरून घेतात."

"बरं बरं. पाहातो मी." हे 'पाहातो' मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. "पन भाऊजी, तिले ओळखाचं कसं? टोपडं घातलेलं राह्यते म्हन्ते माही बहीन."

आणि इथे माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. जर्सीचा रंग सांगता आला असता, पाठीवरचा नंबर सांगता आला असता. पण छाती फुगली की माणसाचा मेंदू रिकामा होतो.

"ओळखाले काय लागते? सगळ्यात पुढं असंन ते आपली!"

रविवारी मी इंगळेसरांबरोबर टीमच्या गाडीत होतो. गाडी पुढच्या पोरींच्या मागून, थोड्या अंतराने चालली होती. सासुरवाडी जवळ आली तसा मला धुराचा वास आला. गोवऱ्यांचा धूर! त्यात खरपूस भाजलेल्या कणकेचा वास. वऱ्हाडातल्या माणसाला हा वास झोपेतही कळतो. देविदासने रोडगे लावले होते!

(ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी : कणकेचे हे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले, तुपात बुडवलेले, आणि वर वांग्याची भाजी. दोन खाल्ले की माणूस निंबाखाली आडवा होतो. सायकल चालवत नाही.)

पुढे काय घडलं ते मला नंतर शरूनेच सांगितलं. साक्षी सगळ्यात पुढे होती आणि शरू तिच्या मागच्या चाकाला चिकटून होती. ही चूक नव्हती, ही युक्ती होती. पुढचीने वारा खायचा, मागचीने दम राखायचा आणि शेवटी निघायचं. बाकीच्या पोरी बऱ्याच मागे होत्या. रस्ता मोकळा करायला पुढे एक मोटरसायकलवाला होता, तो देविदासच्या खाटेवर बसून वांगं ओरपत होता. आणि रस्त्यावर आडवा मांडव! अर्ध्या रस्त्यात ट्रॅक्टर, उरलेल्या अर्ध्यात आरत्या घेतलेल्या बाया, आणि मधोमध शरूची मामी.

"आली वं आली! पुढची ते आपली!"

साक्षीने ब्रेक दाबला. तिला काही कळायच्या आत मामीने हँडल धरलं, हेल्मेटवरच कुंकू लावलं, ओवाळलं, देविदासने हार घातला आणि पोराटोरांनी गुलाल उधळला. शरूने आपली मामी लांबूनच ओळखली होती (तिची नजर आईवर गेली आहे). ती ट्रॅक्टरच्या कडेने, कच्च्यातून, सुळकन निघून गेली. तिला कोणी विचारलंही नाही.

पुढे रस्ता रिकामा. शिबिराची जागा समोर दिसत होती. शरू थोडी पुढे गेली, एकदा मागे वळून पाहिलं आणि सायकल फिरवली.

तेवढ्यात आमची गाडी पोचली. मी उडी मारून धावलो. समोर गुलालाने माखलेली, हार घातलेली पोरगी. जर्सीचा रंगही दिसेना. मी तिची पाठ थोपटली.

"शाब्बास शरू! पन आता नीघ बेटा, लवकर नीघ!"

"काका, मी साक्षी होय," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "यायले सांगा नं, मले सोडा म्हना!"

मागून आवाज आला. "मामी, सोड तिले! ते मी नाही, हे मी होय!"

मामीने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. "अवं माय! हे तं शरू! मंग हे कोन होय?"

"कोनाची का असंना," देविदास म्हणाला, "दारात आलेलं लेकरू उपाशी जाईन का? बसा दोघी! पान वाढा रे!"

एवढ्यात मागचा सगळा घोळका ट्रॅक्टरच्या कडेने खडखडाट करत निघून गेला. दोघी पोरी किंचाळल्या. मी देविदासला धरलं, इंगळेसरांनी मामीपुढे हात जोडले, तेव्हा कुठे हँडल सुटलं. पण मामी हार मानणारी बाई नाही. सायकलच्या जर्सीला पाठीमागे खिसे असतात, हे तिने तेवढ्यात हेरलं होतं! तिने गरम रोडगे फडक्यात गुंडाळून दोघींच्या खिशांत कोंबले. साक्षीला दोन. शरूला चार, भाची म्हणून.

"वाटंनं खाजा वं पोरींनो!"

त्यानंतर त्या दोघींनी जी सायकल मारली, ती मी गाडीतून पाहिली. थोडा वेळ साक्षी पुढे, थोडा वेळ शरू पुढे, वारा वाटून घेत. (रोडग्यांची धग पाठीला लागत होती, हेही एक कारण असावं.) अकोल्याच्या वेशीजवळ त्यांनी घोळका गाठला, पार केला, आणि शेवटच्या टप्प्यात दोघीच उरल्या. या वेळी मी थाळी वाजवली नाही. गाडीत डोळे मिटून बसलो होतो.

साक्षी अर्ध्या चाकाने जिंकली.

दोन रोडगे आणि चार रोडगे यांच्यातला फरक अर्ध्या चाकाएवढा असतो का, हे मी इंगळेसरांना विचारलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सायकली गाडीवर चढवायला घेतल्या. मी शरूकडे गेलो.

"बेटा, ते रोडगे रस्त्यात फेकून द्याचे नं!"

"अन्न फेकतेत का, बाबा?" ती म्हणाली. साक्षीनेही फेकले नव्हते. दोघी कडेला बसून तेच रोडगे खात होत्या. साक्षीच्या सरांनी तक्रार करायची म्हटलं, तर ती भरल्या तोंडाने म्हणाली, "काही नाही झालं सर. मामीनं जेवाले बलावलं होतं."

"पन तू परतली काहून?" मी शरूला हळूच विचारलं.

"मामीनं तिले शरू समजून धरलं होतं नं. माह्या नावाचा हार तिच्या गळ्यात, अन् मी कशी जाऊ पुढं?"

मला त्या क्षणी पोरीचा फार अभिमान वाटला आणि माझी फार लाज वाटली. दोन्ही एकदम वाटलं की माणूस मूर्खासारखा हसतो. मी तसा हसलो. मग ती पाण्याची बाटली तोंडाला लावून बराच वेळ पलीकडे बघत बसली. ती रडत होती, हे ओळखायला मात्र मला चेहरा दिसावा लागला नाही.

साक्षी शिबिराला गेली. देविदासच्या बैठकीत हार घातलेल्या साक्षीचा फोटो फ्रेम करून लावलाय, शेजारी तिची पाठ थोपटणारा मी. मामी आल्यागेल्याला सांगते, "हे बी आपलीच." शरू माझ्याशी आठवडाभर जेवढ्यास तेवढं बोलत होती. मग एके दिवशी म्हणाली, "पुढच्या सीझनले या तुमी. पन आगुदर मले ओळखाले शिका."

मी मनावर घेतलं. शेवटी चित्रकलेचा माणूस! घरासमोरून ती सायकलवर जाताना रोज निरखू लागलो. चेहरा नाही, हालचाल बघायची. आणि सापडलं! पायडल मारताना तिचा उजवा गुडघा किंचित बाहेर जातो, आणि वळणावर ती डावा खांदा पाडते. ही खूण हजारांत चुकणार नाही.

परवा सकाळी बडनेरा रोडला दूध आणायला गेलो होतो. लांबून संत्र्याच्या रंगाची जर्सी येताना दिसली. उजवा गुडघा बाहेर. वळणावर डावा खांदा खाली. माझं काळीज सुपाएवढं झालं! दुधाची पिशवी खाली टाकली, रस्त्यात धावलो, सायकल थांबवली आणि भर रस्त्यात तिला मिठी मारली.

"शरू! बेटा! ओळखलं का नाही तुह्या बापानं?"

गॉगल वर गेला. हेल्मेट निघालं.

"सर," इंगळेसर म्हणाले, "पोरीले सायकल मीच शिकवली. गुडघा माहाच आहे थो."