मधला ‘व’

बाररूममध्ये ज्युनिअर मंडळी तारखांच्या नावाने बोटं मोडायला लागली की मी त्यांना सांगतो, बाबांनो, मी लॉ कॉलेजात जायच्या आधीच कायद्याने अर्धमेला झालो होतो. अर्जाला एक कागद जोडला की त्याच्यामागे एक किस्सा आपोआप जोडला जातो. माझ्या अर्जाला तर बरेच कागद लागले.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी कसाबसा बी.ए. झालो होतो. लॉ कॉलेजची फी जूनअखेर भरायची होती, नाहीतर मिठागरावर फावडं तयारच होतं. कल्याणच्या एका शिक्षण फंडाकडे फॉर्म आणायला गेलो. वर छापलेलं, ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी’.

“दोन्हींचा दाखला लागेल,” कारकून म्हणाले.

“एकावर भागणार नाही का?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मधला ‘व’ दिसतो ना? ‘किंवा’ असता तर गोष्ट वेगळी.”

पुढे लॉ कॉलेजात ‘व’ आणि ‘किंवा’वर एका प्रोफेसरांनी महिनाभर लेक्चरं दिली. कारकुनांनी ते काम मिनिटात उरकलं होतं.

*

गरिबीसाठी तलाठ्याकडे गेलो. आमचे बाबा कोपरीच्या मिठागरावर मजूर. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणजे काम बंद.

“सध्या उत्पन्न किती?” तलाठ्याने विचारलं.

“काहीच नाही.”

“मग उत्पन्नाचा दाखला कशाचा देऊ? मीठ पिकायला लागलं की या.”

“तोवर कॉलेज अर्धं होईल हो.”

“त्याला मी काय करणार? पाऊस काही माझ्या खात्यात येत नाही.”

दुसऱ्या दिवशी आई त्याच्या ओटीवर जाऊन बसली. “भाऊ, उत्पन्न नको लिवू. आमी दिवालीपरत काय खातो, तां लिव.” दुपारी तो जेवायला उठला, तरी ही हलेना. शेवटी त्याने लिहून दिलं. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

*

होतकरूपणा ठाण्याच्या माझ्या जुन्या शाळेच्या हेडमास्तरांकडे होता. त्यांचा माझ्यावर जीव. त्यांनी पानभर कौतुक लिहिलं आणि शेवटी भर घातली, ‘विद्यार्थी नेहमी कडक इस्त्रीच्या कपड्यांत असून सुखवस्तू घरातील शोभतो.’

माझा सदरा एकच होता. आई त्याला भाताच्या पेजेची खळ घालायची!

कारकुनांनी कागद परत सरकवला. “यात होतकरू आहे, पण गरीब गेला.”

मी धावत ठाण्याला आलो. सर ओशाळले. नव्या कागदावर त्यांनी शेवटचं वाक्य बदललं, ‘कपडे जुने, परंतु विचार नवे.’ मी नको नको म्हणत होतो, पण भाषेचे मास्तर ते, ऐकतात कसले.

*

मग फंडाच्या एका सभासदाची सही हवी होती. ते डोंबिवलीत राहायचे, पेन्शनर.

“‘अर्जदारास तीन वर्षे ओळखतो’ असं छापलंय,” ते म्हणाले. “मी तर तुला आज पाहतोय.”

“मग काय करू?”

“ओळख वाढव. तीन वर्षांनी सही करतो.”

ते थट्टा करत नव्हते, हे त्यातलं वाईट. आतून त्यांच्या सौ. म्हणाल्या, “अहो, आपण एकमेकांना अर्धा तास पाहिलं होतं, तरी घातलीतच ना माझ्या गळ्यात माळ?” सही झाली.

*

शेवटी मुलाखत, तीसुद्धा पालकांसह. बाबांनी शेजाऱ्यांकडून कोट मागून आणला. मी म्हटलं, “अहो, गरीब म्हणून चाललोय आपण, कोट कशाला?” ते म्हणाले, “चार मानसांत जायाचा हाय.” कोटाखाली पाय अनवाणी, मिठाच्या पाण्याने भेगाळलेले.

टेबलामागे अध्यक्ष बसले होते, जुने वकील. शेजारी कारकून पेन उघडून. अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न टाकला, “मुलगा गरीब आहे, हे तुम्ही सांगताय ना?”

“नाय.”

मी बाबांची बाही ओढली. मागून आणलेली बाही, जोरात ओढायचीही सोय नाही.

“गरीब मी हाय साहेब,” बाबा म्हणाले. “पोऱ्या कशाला गरीब? तो वकील व्हनार हाय.”

संपलं, असं मला वाटलं. कारकुनांचं पेन हवेतच थांबलं. “साहेब, मग या ‘व’चं काय करू?”

अध्यक्ष बाबांच्या पायांकडे बघत होते.

“राहू दे तो,” ते म्हणाले. “त्याच्या अलीकडे बापाचं नाव लिहा, पलीकडे मुलाचं.”