आमच्या कुत्रीचा उपास

दुसऱ्याच्या कागदातली चूक काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांची वाटणी झाली त्या सुमारास मी मोहाडीच्या तहसील कार्यालयात लिपिक म्हणून लागले. तेव्हापासून 'त्रुटी' असा शेरा मारून किती अर्ज परत पाठवले त्याची गणती नाही. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांचं बिल हातात पडलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, लाल पेनानं खुणा केल्या आणि सात मुद्द्यांचा आक्षेप लिहून काढला. अक्षर फार सुंदर आलं होतं.

कुत्री नऊ वर्षांची. बाबा गेले त्या वर्षी आईनं तिला बाजारातून पिशवीत घालून आणलं, वांग्यांच्या वर बसवून. मी ऑफिसात गेले की घरात त्या दोघीच. आई दिवसभर तिच्याशी बोलायची आणि संध्याकाळी माझ्याशी तिच्याबद्दल बोलायची. गेल्या दिवाळीनंतर कुत्रीच्या पोटाखाली लिंबाएवढी गाठ हाताला लागली. मी तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर काढली तर वाचेल, वाढू दिली तर सांगता येत नाही. मी लगेच तारीख घेतली.

ठरल्या दिवशी गाठीला हात लावायच्या आधीच सगळं बिनसलं. भूल दिल्याबरोबर कुत्रीला ओकारी झाली आणि ती श्वासनळीत गेली. ऑपरेशन राहिलं बाजूला, जीव वाचवायची धावपळ सुरू झाली. पाच दिवस सलाइन आणि इंजेक्शनं चालली. सहाव्या दिवशी ती घरी आली, वाळलेली, आणि गाठ जिथल्या तिथे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "वय झालंय, हार्ट भूल सहन करत नाही असं दिसतं. दुसऱ्यांदा द्यायची माझी हिंमत नाही." मी हे घरी सांगितलं. आई कुत्रीजवळ जमिनीवर बसली आणि तिच्या कानामागं खाजवत राहिली.

आणि वर हे बिल. त्यात ऑपरेशनची फी पूर्ण लावलेली. जे झालंच नाही त्याचे पैसे? मला रागानं धड जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर राग बिलाचा कमी होता. कुत्री आता जाणार, मागं आई एकटी राहणार, आणि त्याला कोणीतरी जबाबदार असायला हवं होतं. डॉक्टर समोर होते.

शनिवारी सुट्टी होती. फाइल काखेत मारून मी दवाखान्यात पोचले आणि मुद्दा क्रमांक एकपासून वाचायला लागले. डॉक्टर तरुण, शांत माणूस. त्यांनी पाचव्या मुद्द्यापर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, एक विचारू? तिच्या घशातून पांढरे, पिठूळ तुकडे निघाले होते. मी त्याच दिवशी तुम्हाला फोनवर विचारलं, काही खाल्लं होतं का? तुम्ही नाही म्हणालात. मग मला वाटलं, भिंतीचा चुना चाटला असेल."

"नाहीच खाल्लं. उपाशी होती. फॉर्मवर माझी सही आहे."

"तीच पाहून तर भूल दिली मी."

माझ्या सहीवर कोणी शंका घ्यावी हे मला नवीन होतं. तिथल्या तिथे मी आईला फोन लावला, स्पीकरवर, डॉक्टरांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम. "आई, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला काही खायला घातलं होतंस?"

"नाई बा. पोळी नाई, भात नाई. उपासाचंच तं देलं. शिंगाडे उकडले होते, चार तिले देले, चार मी खाल्ले."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. मी विचारलं, "पण द्यायचेच कशाला?"

"कायले म्हंजे? तूच तं सांगतलं, उद्या तिचा उपास हाये. मंग तिच्यासाठी मी बी धरला. तिले बरं वाटो म्हणून."

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, बारा तास उपाशी ठेवा. मी ऑफिसातून थकून आले, चपला काढता काढता आईला म्हणाले, "उद्या तिचा उपास आहे." उपाशी म्हणजे रिकामं पोट. उपास म्हणजे आमच्या घरी साबुदाणा, रताळं, आणि हंगाम असला तर तळ्यातले ताजे शिंगाडे. उभा जन्म दुसऱ्यांचे शब्द तपासणाऱ्या बाईनं हा घोळ घातला होता.

शरमेनं माझे कान तापले. पण डॉक्टर उठून उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा खुलला होता. "म्हणजे तिच्या हार्टला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "भूल तिला चालते. भरल्या पोटानं ओकली ती. मॅडम, दहा दिवस झाले, मी माझाच डोस तपासून राहिलो. गाठ काढू आपण." मला रडू आलं. फाइल तोंडापुढे धरायला बरी पडली.

बिलाचं भांडण तिथेच संपलं. पाच दिवसांच्या उपचाराचे पैसे मी मुकाट्यानं भरले. ऑपरेशनची फी त्यांनी स्वतःच खोडली आणि म्हणाले, पुढच्या वेळी घेतो.

घरी आल्यावर आईला सांगणं जड गेलं. चूक माझ्या शब्दाची आहे, असं मी दोनदा म्हणाले. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "निर्जळी म्हणाचं होतं ना. मले समजलं असतं."

कुत्री सावरायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी चपला काढल्या, आईसमोर बसले आणि नीट सांगितलं, "उद्या तिची निर्जळी." फॉर्मवरही मी तोच शब्द लिहिला. डॉक्टर वाचून हसले आणि सही घेतली.

दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती, कुत्री शुद्धीवर येऊन शेपटी हलवत होती. मी घरी फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडून दोनदा वदवूनही घेतलं. मग तिचा आवाज कोरडा, खरखरीत आला.

"मंग आता पानी पिऊ ना मी?"