बिनरॉकेलचा दिवा

आमच्या घरात दिवस मावळला की मावळला. त्यानंतर काही पेटवायचं नाही, हा मायचा कायदा होता. स्वयंपाक ती उजेडातच उरकायची, चूल विझवून राखेवर तांब्याभर पाणी ओतायची आणि तिन्हीसांजेला आम्ही दोघी भाकरी खाऊन घ्यायचो. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्तीसुद्धा आमच्याकडं सकाळी लागायची. शेजारणी हसायच्या. मला काही हसू यायचं नाही, कारण अंधारात चाचपडत अंथरूण मलाच घालावं लागायचं.

मी गावच्या शाळेत होते तेव्हा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. नाव राहिलं दूर, खेड्यापाड्यांतली आमची घरं पेटली. आमचंही पेटलं, संध्याकाळी, रॉकेल ओतून. माय, बा आणि मी, तिघं ज्वारीच्या वावरात पालथे पडून ते बघत होतो. तेव्हापासून अंधार पडल्यावर रॉकेलचा नुसता वास आला तरी मायचे हातपाय गार पडत. कंदील नको, चिमणी नको. मी जवळ गेले की ती माझा दंड घट्ट धरून ठेवी.

गाव सोडून आम्ही तेव्हाच्या औरंगाबादेत आलो. बा बिगारी कामाला लागला. त्यानं शहराबाहेर गुंठेवारीत एक तुकडा घेतला, दोन खोल्या उभ्या केल्या, वर स्लॅब टाकला आणि वर्षभरातच तो गेला. मला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या कंपनीत, गोळ्यांच्या पाकिटांवर काम मिळालं. घर माझ्या नावावर झालं. नवेनवे कारखाने येत होते, त्यांच्या आवारात रात्री लग्नघरासारखा झगमगाट असे, पण विजेचे खांब मात्र आमच्या वस्तीच्या अलीकडंच थांबलेले. वस्ती कागदावर नव्हती म्हणे. कागदावर नसलेल्या घरात राहून मी रोज कागदाच्या खोक्यांवर शिक्के मारत होते.

शहागंजाकडच्या एका बॅटरीवाल्याच्या दुकानात मी ती प्लेट पाहिली. निळसर काळी काच, भोवती चकचकीत चौकट. दुकानदार म्हणाला, ही छतावर ठेवायची, दिवसभर उन्हात बॅटरी भरते आणि रात्री ट्यूब लागते. मी एवढंच विचारलं, "रॉकेल लागत नाही ना? कुठं काही पेटत नाही ना?" तो हसला. मी मात्र हसले नाही. साठवलेलं सगळं त्याच्या हवाली केलं आणि ती प्लेट मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आले.

पहिल्या संध्याकाळी मायनं ट्यूबला हात लावून बघितला. "गार हाय," ती म्हणाली. मग तिनं तांदूळ निवडायला घेतले. निवडायचे नव्हतेच, उद्याचं काम होतं. पण उजेड होता म्हणून ती निवडत बसली आणि मी तिच्याकडं बघत बसले. वाटलं, आता हिला जरा बरं आयुष्य मिळेल. इतकी मूर्ख आशा मी पुन्हा कधी केली नाही.

पावसाळाभर ट्यूब बरी चालली. दिवाळीनंतर ती मरायला लागली. अंधार पडल्यावर घटकाभर जळायची, मग पिवळी पडून विझायची. माय लगेच भिंतीला टेकून बसायची. मी शिडी चढून प्लेट पुसली, तारा आवळल्या, बॅटरीत दुकानातून आणलेलं पाणी घातलं. चमत्कार असा की माझ्या सुट्टीच्या दिवशी दिवा छान लागायचा आणि कामाच्या दिवसांत पुन्हा रडायचा. मी मेकॅनिकला बोलवायची तेही सुट्टीच्याच दिवशी. तो येऊन बघणार आणि सगळं ठणठणीत निघणार.

"आपा, प्लेट तो एकदम अच्छी है," तो म्हणाला. "इसको धूप नई मिल रई क्या?"

"औरंगाबादेत टंचाई पाण्याची असते, उन्हाची नाही," मी तोडून टाकलं. माय दारात उभी होती. ती आत वळली.

मी बॅटरी बदलली. फरक पडला नाही. दुकानदाराशी कचाकचा भांडले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की दुरूनच आमच्या खिडकीकडं बघायची, आणि ती काळीच असायची. नशीबच फुटकं म्हणून मी हात टेकले.

मग नामांतरावरून वातावरण पुन्हा तापलं. एक दिवस बंद पुकारला गेला आणि कंपनीनं आम्हाला दुपारीच सोडलं. मी पायीच घरी आले. वळणावरून आमचं छत दिसलं. भर उन्हात प्लेटवर गोधडी पसरलेली होती, बाच्या धोतराची आणि मायच्या जुन्या लुगड्यांची. चारी कोपऱ्यांवर नीट दगड ठेवलेले.

माय अंगणात जोंधळे पाखडत होती. मला बघून सूप तिच्या हातातच राहिलं.

"हे काय आहे?" मी ओरडले. "रोज टाकतेस?"

"तू गेल्यावं टाकते. यायच्या आदी काढते."

"अगं, उन्हावर चालतं ते. तुझ्यासाठी आणलंय मी. तुला ठाऊक नाही?"

"ठाव हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "रस्त्यानं जाणारी माणसं बोटं दाखवित्यात. पावसाळ्यात आभाळ व्हतं, आता लई चमकतं बाई ते, पार नाक्यावरून दिसतं. गावात नवे पत्रे आपल्याच घरावर व्हते. पिशोरच्या बाजारातून आणलेले. तेबी असेच दुरून चमकायचे. आदी आपलंच घर पेटवलं."

मला ते पत्रे आठवले. बानं ते बैलगाडीतून आणले तेव्हा मी गाडीमागं नाचत आले होते. तेच पत्रे आमच्यावर आग घेऊन आले असं माय इतकी वर्षं मनात धरून होती आणि मला पत्ताही नव्हता. मी तिथंच ओट्यावर बसले. राग कुणावर काढायचा ते कळेना. मायवर काढणं शक्य नव्हतं, आणि ज्यांच्यावर काढायचा ते गावात सुखानं नांदत होते.

तरी मी हट्ट केला. शहर आहे, इथं कुणी येत नाही, शेजारी सगळी आपलीच माणसं आहेत, असं पुन्हा पुन्हा समजावलं. तिनं मान डोलावली. त्या आठवड्यात गोधडी पडली नाही आणि ट्यूब झकास लागली. मग शेजारणीनं मला नळावर गाठलं. "तुपली माय दिवसभर रस्त्याकडं तोंड करून बसती, बाई. पाणीसुदिक पीत नाय. काय झालंय तिला?" त्या रात्री ट्यूबच्या उजेडात मी मायचा चेहरा नीट बघितला. गालफडं बसली होती. तो दिवा नसता तर मला ते दिसलंही नसतं.

जानेवारीत एका संध्याकाळी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी आली. नाव बदललं नव्हतं, जुन्याला जोडलं होतं. तरी वस्ती नाचली. निळा गुलाल उधळला, दारोदार मेणबत्त्या लागल्या. इतक्या वर्षांच्या लढ्याचं हे फळ, आणि जिचं घर त्यापायी जळलं ती माझी माय त्या ज्योती बघून आतल्या खोलीत जाऊन बसली. मी तिच्याजवळ बसले. बाहेर जयजयकार चालला होता. कुणीतरी दारातून सांगून गेलं, की खेड्यांकडून जाळपोळीच्या बातम्या येतायत. आमच्या गावाचं काय, ते त्याला माहीत नव्हतं. मायनं माझा दंड धरला. मला तिला सांगायचं होतं की इथं काही होणार नाही. पण त्या क्षणी मलाही तसं वाटत नव्हतं.

सकाळी मी कामावर जायला निघाले. वळणापर्यंत गेले आणि मागं वळून बघितलं. कोवळ्या उन्हात प्लेट चमकत होती. खरंच पार नाक्यावरून दिसत होती. मी परत फिरले.

खुंटीवरची गोधडी मी खांद्यावर घेतली. मायनं शिडी भिंतीला लावली आणि खाली धरून उभी राहिली. मी वर चढले, गोधडी पसरली, दगड ठेवले.

"उगवतीकडचा कोपरा उघडा ऱ्हायला बघ," ती खालून म्हणाली.

मी तो झाकला.