शेजारच्या पोरांची सीडी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मटार सोलले. ऑस्ट्रेलियाशेजारच्या देशात, 'ते रापा' नावाच्या उपनगरात, लेकीच्या घरी, दुपारी, तिची जुनी सीडी लावून. ऑस्ट्रियातल्या दोघांनी यंत्रांवर केलेलं संथ संगीत, गाणारं क्वचितच कोणी. मी म्हणायचो, "ही गाणी आहेत की पंख्याची घरघर?"

बायको ऑस्ट्रियाला ऑस्ट्रेलियाच समजायची. "आपल्या शेजारचीच पोरं ती," म्हणायची. लेकीने कितीदा सांगितलं, "आई, ऑस्ट्रिया तिकडे युरोपात." ही म्हणायची, "असू दे. खऱ्या शेजाऱ्यांपेक्षा हळू वाजवतात."

त्या ठेक्यावर ती लेकीच्या लहानपणीचा पाळणा गुणगुणायची. त्या दुपारीही गुणगुणली. मग म्हणाली, "अहो, बंद करा ते. जरा पडते. उरलेलं उद्या ऐकू." मी बटण दाबून सीडी थांबवली. ती आत जाऊन पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तिला झाला नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या शेंगा पुढ्यात घेतल्या आणि बटण दाबलं. थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. पाळण्याचे शब्द मला येत नाहीत. ते तिचं काम होतं.

लेक रडून सुजलेल्या डोळ्यांनी आली. "बाबा, सुतक आहे. गाणी काय लावलीत?"

"शेजारच्या पोरांचं अर्धं राहिलंय," मी म्हटलं, आणि सीडी संपेपर्यंत मटार सोलत बसलो.