डाव्या हाताचा शब्द

काकूंनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोललो तर तुमचा गैरसमज व्हायला नको.

फसवण्याची रीत ठरलेली होती. थँक्सगिव्हिंगचं जेवण दर वर्षी त्यांच्या घरी, वेस्ट विंडसरला. त्यांच्या उजव्या हातात भातवाढी, मसालेभात वाढणं चाललेलं. मी विचारायचो, "काकू, पुढच्या वर्षी माझ्याकडे ना?" भातवाढी खाली न ठेवता त्या डावा हात पुढे करायच्या, माझ्या तळहातावर टाळी द्यायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्या वर्षी तुझ्याकडे, शेठ. पक्कं."

वर्ष उलटायचं. मी शब्दाची आठवण द्यायचो. त्या चष्म्यावरून बघायच्या.

"कुठल्या हातानं दिला होता?"

"डाव्या."

"मग? डाव्या हातानं आपण प्रसादसुद्धा देत नाही. शब्द कसला धरून बसतोस?"

मी फ्लोअरिंगचा धंदा करतो. लाकडी फरशी, कार्पेट, टाइल्स. इचलकरंजीहून आलो तेव्हा चुलत मेहुण्याच्या पेट्रोल पंपावर थंडीत उभा राहायचो, आता माझं स्वतःचं दुकान आहे. ठेकेदार, घाऊक व्यापारी, घर विकायला निघालेले नवराबायको, सगळ्यांशी घासाघीस करून इथवर आलो. रागीट आहे, ते मान्य. पण मला सौद्यात हरवणारा माणूस अजून भेटलेला नाही. बाई भेटली.

त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. मी ओळखायला लागलो तेव्हा निवृत्त झालेल्या, काका आधीच गेलेले. बेसमेंटला फरशी टाकायची म्हणून माझ्या दुकानात आल्या. मी भाव सांगितला. त्यांनी वाद घातला नाही. गाव कुठलं विचारलं, आई काय करते विचारलं, सणावाराला कुठे जेवतोस विचारलं. मी उत्तरं देत राहिलो, आणि शुद्धीवर आलो तेव्हा मी सांगितलेल्या भावात फरशीबरोबर जिनासुद्धा करून द्यायचं कबूल करून बसलो होतो. आयुष्यभर हेच केलेलं हो त्यांनी! रोग्याला गप्पांत गुंतवायचं आणि गुंगवायचं.

दारापर्यंत जाऊन वळल्या. "गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे, जेवायला ये. ते भावात धरलेलं नाही."

तेव्हा मी एकटा होतो. त्या गुरुवारी सगळं गाव बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि मी ब्रेडला चटणी लावून खायच्या बेतात होतो. त्यांच्याकडे गेलो तर घर भरलेलं. कोणी नुकतं पुण्याहून प्रोजेक्टवर आलेलं, कोणी नागपूरचं विद्यार्थी, शेजारचे बॉब नावाचे म्हातारे गृहस्थ. जाऊ कुठे, हा प्रश्न पडलेली सगळी माणसं. ज्याला असं कोणीतरी उचलून पंगतीत बसवलेलं असतं, त्याला एकदा तरी स्वतःच्या घरी पंगत उठवायची असते. मला तेवढंच हवं होतं. एक थँक्सगिव्हिंग. माझ्या टेबलावर.

आता तुम्हीच बघा त्यांच्या युक्त्या. लग्न झालं, मी घर घेतलं, दोन ओव्हनवालं. काकू म्हणाल्या, "वास्तुशांत नाही झाली अजून. इतक्या माणसांना तिथे कसं जेवू घालणार?" मी वास्तुशांत केली. पुढच्या वर्षी म्हणाल्या, "तुझी फरशी फिकट रंगाची. हळदीचा एक थेंब पडला तर तूच रडशील." धंद्यातली गोष्ट काढली. त्याच्या पुढच्या वर्षी सोमवारीच फोन केला, तर टर्की आलं-लसूण-दह्यात मुरायला पडलेला. "दह्यात घातलेला पक्षी घर बदलत नाही, शेठ."

असं कुठे लिहिलंय? मी आईला विचारलं, सासूला विचारलं. कोणी ऐकलेलं नाही.

बरं, नियम करायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. थँक्सगिव्हिंग नेमका गुरुवारी. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा गुरुवार, मांसाहार वर्ज्य. दुसऱ्या कोणी वाद घातले असते. काकूंनी फर्मान काढलं, "ज्यांचा गुरुवार आहे त्यांनी आज अळूवडी खावी आणि शुक्रवारी पक्ष्यासाठी परत यावं. तोवर तो आणखी मुरतो." माझी बायको गुरुवार पाळते. लग्नापासून दर वर्षी त्या शुक्रवारी सकाळी ती डबा घेऊन त्यांच्या दारात. पंपकिन पायऐवजी भोपळ्याचे घारगे, क्रॅनबेरीचं लोणचं. जेवणाआधी एकेकानं आभार मानायची इथली पद्धत. बॉब उभे राहून सावकाश बोलायला लागले की काकू भातवाढी वाजवायच्या. "आभार पटपट माना. भात गार होतोय." बॉबना मराठीतलं तेवढंच वाक्य येतं.

एका वर्षी मी डाव टाकला. सप्टेंबरातच सगळ्यांना ग्रुपवर निमंत्रण पाठवलं, माझ्या पत्त्याचं. काकूंनी लगेच हात जोडल्याचं चित्र टाकलं. "अरे वा! मी काय आणू?" मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

गुरुवार उजाडला. माझा टर्की भाजून तयार, टेबलावर नवी चादर. चार वाजले, साडेचार वाजले, दारात चिटपाखरू नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आर यू शुअर इट्स टुडे?" तेवढ्यात फोन.

"शेठ, एक गंमत झाली. मी मंडळींना म्हटलं, आधी माझ्याकडे चहाला या, मग मिळून तुझ्याकडे जाऊ."

"मग निघा ना!"

"चहाबरोबर घारगे दिले. मग कोणी म्हणालं, थोडा भात असेल तर बघू. आता सगळे जमिनीवर बसलेत. तुझीच फरशी रे, फार छान बसता येतं तिच्यावर."

"काकू, हा दगा आहे!"

"तू असं कर, तुझं सगळं इकडेच आण. एवढी माणसं उठवण्यापेक्षा एक पक्षी हलवणं सोपं."

मी किती ओरडलो ते शेजाऱ्यांना विचारा. मग टर्कीला गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि निघालो. बायको आणि मुलगी मागे, मांडीवर पातेली. दारातच मी म्हटलं, "दह्यातला पक्षी घर बदलत नाही ना?"

"हा भाजलेला आहे," काकू म्हणाल्या आणि माझ्या हातातून ट्रे काढून घेतला.

त्या दिवशीही आम्ही दोघंच शेवटी जेवलो. ते सांगायचं राहिलं. यजमानानं सगळ्यांच्या मागून जेवायचं, हा त्यांचा एकमेव खरा नियम. आणि दुसऱ्या दिवशीच्या सेलची मांडामांड करून मी दर वर्षी उशिरा पोचायचो. त्यामुळे शेवटच्या पंगतीला आम्ही दोघं, स्वयंपाकघरातल्या दोन उंच स्टुलांवर. टर्कीचं पंखाचं हाड, वाटीभर ताक आणि मसालेभाताच्या बुडाशी लागलेली कुरकुरीत खरवड. ती खरवडून त्या आधी माझ्या ताटात टाकायच्या. मी एकदा म्हटलं, पाहुण्याला करपलेलं वाढता? तर म्हणाल्या, "पाहुण्याला वरचा भात. खरवड घरच्या माणसाला." आणि मग आमचं पुढच्या वर्षावरून भांडण सुरू व्हायचं.

या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. हात धुतले, टॉवेलला पुसले आणि उजवा हात पुढे केला.

"या वर्षी तुझ्याकडे."

मी तो हात दोन्ही हातांत धरला. धंद्यातला पहिला धडा आहे: अडून बसलेला माणूस एकाएकी कबूल झाला, की मालात तडा शोधायचा. मी शोधला नाही. आनंदानं घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, काकूंचे गुडघे गेलेत. घर विकून तिकडे पार पश्चिम किनाऱ्यावर, क्युपर्टिनोला लेकीकडे चालल्यात त्या. तुम्हाला नाही बोलल्या?"

नाही बोलल्या.

तर या गुरुवारी जेवण माझ्याकडे झालं. सगळे आले. अळूवडी पुरली, फरशीवर हळद सांडली, मी रडलो नाही. बॉब आभार मानायला उठले आणि माझ्याच तोंडून निघालं, "आभार पटपट माना, भात गार होतोय." सगळे हसले.

पाहुणे जेवले, बायको जेवली, मुलगी मैत्रिणींबरोबर वर गेली. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात बसलो. समोर दुसरं स्टूल. पातेल्याच्या बुडाशी खरवड, अगदी हवी तशी लागलेली. काकूंना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी भातवाढी आली, मग त्या.

"काकू, तिथे स्वयंपाक लेकीचा ना?"

"घर तिचं. स्वयंपाक माझा. तिला म्हटलंय, पुढच्या वर्षी तू कर."

"कुठल्या हातानं?"

त्या इतक्या हसल्या की चष्मा घसरला. मग म्हणाल्या, "जेवलास का रे?"

"बसतोच आहे. तुम्हीही ताट घ्या."

"वेडा आहेस का? इथे अजून दुपार आहे. पाहुणे आत्ता कुठे येतायत. तू जेव. खरवड घे." त्यांच्याकडची घंटी वाजली. "आले बघ!" आणि फोन बंद.

म्हणजे बघा, तिकडचं घड्याळ तीन तास मागे. इकडे माझी शेवटची पंगत तेव्हा तिकडे त्यांची पहिलीसुद्धा बसलेली नाही. त्यांची शेवटची होईल तेव्हा इकडे भांडीसुद्धा वाळलेली. हा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता, असं मला कोणी सांगू नये.

मी जेवण माझ्या घरी मागितलं, ते दिलं. पाहुणे मागितले, दिले. बॉबसुद्धा दिले. समोरच्या स्टुलाचं बोलणं सौद्यात झालंच नव्हतं, आणि तेच त्या बरोबर घेऊन गेल्या. आता खरवड पातेल्यात तशीच आहे, कारण ती स्वतःच्या हातानं वाढून घ्यायची नसते. हा नियम मी केलाय, आजच.

तर काकू, ती मला कोण वाढणार, याचं उत्तर तुम्ही द्यायचं. फोनवर नको. पुढच्या वर्षी इथे येऊन, माझ्या स्वयंपाकघरात, समोर बसून. आणि येते म्हणून शब्द द्याल, तो आधी भातवाढी खाली ठेवून द्या.