चिखल निराळा, पाय एकच

इंदू गेली.

आज सकाळी, जालन्याच्या दवाखान्यात. माझी बायको.

तुम्ही बरेच जण तिला मंठ्याच्या शाळेतल्या सायन्सच्या बाई म्हणून ओळखता. त्याआधीची इंदू तुम्हाला माहीत न्हाई.

सत्तरच्या दशकात ती बदनापूरहून रोज रेल्वेनं विद्यापीठात जायची. पीएचडीला. विषय थेरोपॉडच्या पावलांचे ठसे. थेरोपॉड म्हणजे दोन पायांवर चालणारे, बहुतेक मांसखाऊ डायनासोर.

आपल्याकडं सगळा लाव्ह्याचा काळा पाषाण, त्यात असले ठसे मिळत न्हाईत. ठसे वाळवंटातल्या खडकावरचे, प्लास्टरमध्ये उतरवून आणलेले.

अशा ठशाला स्वतःचं वेगळं नाव देतात. नुसत्या पावलावरून प्राणी नेमका कोणता, ते सांगता येत न्हाई ना.

तिच्या सरांनी दोन नावं दिली होती. रुंद ठशाला एक, अरुंद ठशाला दुसरं.

इंदूला ते पटेना.

तिनं आमच्या अंगणात दोन वाफे केले. एकात पातळ चिखल, एकात घट्ट. आणि आमची कोंबडी त्यातून चालवली.

माझी आई ओरडली, "अगं, पीएचडी करून राह्यली का कोंबडी खेळवून राह्यली?"

इंदू फूटपट्टी घेऊन उकिडवी बसलेली. कोंबडी एकच, ठसे दोन तऱ्हेचे.

"अहो, चिखल निराळा आहे. पाय एकच आहे!"

कोपरापर्यंत माखलेली, हसत माझ्याकडं पळत आल्ती. तेवढी खूश मी तिला परत कधी पाहिली न्हाई.

मंग तिनं प्लास्टरचे ठसे पुन्हा ओळीनं लावले. एकाच जनावराच्या लागोपाठच्या पावलांत दोन्ही आकार होते.

सर म्हणाले, "दोन नावं राहतील. तरच थिसिसवर माझी सही."

तिकडं तिच्या बाबांनी सगळ्या वस्तीत सांगून ठेवलेलं, माझी लेक डॉक्टर होणार.

तिनं मला विचारलं, "काय करू?"

मी म्हणालो, "लिहून टाक ना ते म्हणतेत तसं. डायनासोर थोडाच येणार आहे विचारायला?"

ती हसली न्हाई. दुसऱ्या दिवशी जाऊन थिसिस परत घेऊन आली.

बाबा शेवटपर्यंत विचारायचे, "माय, तुझं ते कवा होणार?"

"होईल, बाबा."

मला मात्र त्या सल्ल्यावरून एका शब्दानं बोलली न्हाई. कधीच.

तो थिसिस कुणी वाचला न्हाई. मीसुद्धा.

परवा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून वाचायला घेतला. एका लांबलचक नावाला अडखळलो, तर डोळे मिटूनच तिनं उच्चार सुधारला.

सदतिसाव्या पानापर्यंत आल्तो.

इंदू, तुझंच बराबर होतं. हे मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं.

जयभीम, इंदू.